विकतचं मीठ

आमच्या घरात मीठ एकदाच विकत आणलं गेलं, आणि ते माझ्या सांगण्यावरून.

आम्ही मिठागरात राबणारी माणसं. आमच्या दारापासून खाडीपर्यंत वाफेच वाफे, मध्ये पायवाटेएवढे बांध. मीठ आमच्या केसांत, अंथरुणात, चपलांच्या खिळ्यांत. स्वयंपाक करताना मीठ संपलं तर आत्या बाहेर जाऊन ढिगातून मूठभर घेऊन यायची, बस. त्या वर्षी उधाणानं मोठा बांध फुटला आणि सगळे वाफे चिखलानं भरले. हंगाम महिनाभर मागे पडला. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून दगडासारखा करावा लागतो, नाहीतर मीठ मातीसारखं काळपट येतं आणि मालक नाक मुरडून निम्म्या भावानं उचलतो. म्हणून आम्ही ओळीनं उभं राहून तुडवत होतो, बाबा, आत्या, मी, आणि पोट पुढे आलेली आई. टाचांना भेगा पडायच्या, भेगांत खारं पाणी जायचं, आणि आत्या म्हणायची, "नाचा गं, फुकटची नाचगाण्याची शाळा आहे."

शेवटी मीठ धरलं. नेमका त्याच आठवड्यात आमचा बाळ आला, आणि त्याच आठवड्यात आकाशात ढग गोळा व्हायला लागले. एक जोराची सर, की दोन महिन्यांची कमाई परत खाडीत.

बाळ झाला शहरातल्या सरकारी दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी त्याच्या टाचेला सुई टोचून कागदावर रक्ताचे ठिपके घेतले. "सगळ्याच बाळांचे घेतात," आई घरी आल्यावर म्हणाली. "पण शेजारच्या खाटेवरचं बाळ असं किंचाळलं की भिंत हलली. आपला नुसता कण्हला."

"शहाणा आहे," आत्या म्हणाली. "आपल्या घराण्यात तक्रार न करणारा पहिलाच माणूस."

तेव्हापासून त्याला शहाणाच म्हणायला लागले. आणि खरंच, असा बाळ कुणी पाहिला नसेल. भूक लागली म्हणून रडायचा नाही, ओला झाला म्हणून रडायचा नाही. मी शाळेतून आले की त्याला मांडीवर घ्यायचे आणि तो दोन मिनिटांत झोपायचा. खरं म्हणजे तो आधीच झोपलेला असायचा, पण श्रेय मी घ्यायचे. "माझ्या हाताला गुण आहे," असं मी वर्गात सांगितलं होतं. त्या वर्षी मी वर्गात काहीही सांगायचे. वक्तृत्वात पहिली आले होते. तोवर मिठागरातली मुलगी म्हणून मागच्या बाकावर गप्प बसणारी मी, आता बाईंनी प्रश्न विचारायच्या आधीच हात वर करत होते.

आठव्या दिवशी फोन आला. घरात एकच फोन होता. खारं पाणी लागू नये म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खुंटीला टांगलेला असायचा. आई आत बाळाला पाजत होती, बाबा आणि आत्या वाफ्यात होते. मी पिशवी सोडून फोन घेतला.

दवाखान्यातल्या नर्सबाई बोलत होत्या. बाळाच्या टाचेतल्या रक्तात थायरॉईडचा आकडा जास्त आला आहे, उद्याच बाळाला घेऊन या, पुन्हा रक्त तपासायचं आहे. "घरात मोठं कुणी आहे का?"

"मलाच सांगा," मी म्हणाले. "मला कळतं."

"उद्या या हं. उशीर करू नका."

"हो हो," मी म्हणाले. आणि थायरॉईड हा शब्द ऐकल्या ऐकल्या माझ्या डोक्यात दिवाच लागला. अवटू ग्रंथी. गळ्यात असते. तिला आयोडीन लागतं. आयोडीन कमी पडलं की बिघडते, म्हणून मिठात आयोडीन घालतात. विज्ञानाच्या पुस्तकात चित्रासकट होतं, मी त्या धड्यात वीसपैकी एकोणीस मिळवले होते. आणि आम्ही काय खात होतो? ढिगातलं मूठभर कच्चं मीठ.

मी बांधावरून धावत सुटले. बाबा दंताळ्यानं वाफ्याच्या कडेला मीठ ओढत होते, आत्या पाटीत भरत होती. मी उभ्या उभ्या सगळा धडा म्हणून दाखवला. हातवारेसुद्धा केले.

"म्हणजे आपल्याच मिठानं?" बाबांनी दंताळं टेकवलं.

"मिठानं नाही, मिठात जे नाही त्यानं. आईनं पाकिटातलं मीठ खाल्लं की दुधातून बाळाला जाईल."

"ऐका," आत्या म्हणाली. "मास्तरीणबाई बोलल्या."

बाबांनी वर बघितलं. खाडीच्या पलीकडे काळं झालं होतं. शहरात जायचं म्हणजे पहाटेची पहिली गाडी, दिवसभर दवाखाना, परतायला रात्र. भरलेले बारा वाफे ओढायचे राहिले होते. "उद्याच जायला पाहिजे का?"

"पुन्हा तपासायला बोलावलंय. पण कारण तर आपल्याला कळलंच आहे."

"मग चार दिवसांनी गेलं तर?"

मी थांबलेसुद्धा नाही. "चालेल," म्हणाले.

घरात आईनं ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "बोलावलंय तर जाऊ या ना. हा नीट ओढत नाही. दोन घोट घेतो आणि दमतो. माझी छाती दगड झालीये."

"आळशी आहे गं तो," मी म्हणाले. "मी सांगते ना तुला."

आई भिंतीकडे तोंड करून वाटीत दूध पिळत राहिली.

दुकानात मीठ मागितलं तेव्हा दुकानदार आधी हसला, मग बाकी गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय गं, माशानं पाणी विकत घ्यायला सुरुवात केली का?" सगळे हसले. एरवी मी मान खाली घालून पळाले असते. पण आता मी काउंटरवर कोपर टेकवून त्यांना अवटू ग्रंथीपासून सुरुवात केली. हसणारे ऐकायला लागले. एक आजोबा म्हणाले, "पोरीला वाणी आहे." दुकानदारानं पाकीट पुसून माझ्या हातात दिलं. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

आईच्या ताटात वेगळं मीठ पडायला लागलं. मी रोज विचारायचे, "खाल्लंस ना?" ती म्हणायची, "खाल्लं." चार दिवसांचे सहा झाले, सहाचे नऊ. ढग येत होते, गुरगुरत होते, पडत नव्हते, त्यामुळे प्रत्येक दिवस शेवटचा दिवस वाटायचा. मी शाळा बुडवून पाट्या वाहिल्या. तिसऱ्या दिवशी फोन बंद पडला. पिशवीला कुठेतरी भोक होतं. त्याची कुणाला खंतही वाटली नाही, फोन करणार कोण?

बाळाचा रंग पिवळाच राहिला. दोनदोन दिवस लंगोट खराब व्हायचा नाही, तेव्हा आत्या म्हणायची, "धुणं वाचलं." बेंबी बोटाएवढी वर आली होती. हातपाय गार असायचे. आई त्याला आपल्या पोटाशी घेऊन पदर गुंडाळायची, भर उन्हाळ्यात. मी शेजारी बसून तिला सांगायचे की मीठ रक्तात उतरायला वेळ लागतो. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. हे मी तिथल्या तिथे बनवलं.

बाळाच्या सतराव्या दिवशी नर्सबाई चालत आल्या. बांधावरून एका हातात चपला, दुसऱ्या हातात पिशवी, साडीचा काठ चिखलात. एकदा पाय घसरून गुडघ्यापर्यंत वाफ्यात गेला. आत्या हसली आणि मग बघते तर बाई रडकुंडीला आलेल्या, म्हणून तिनंच जाऊन हात दिला.

"फोन का लागत नाही तुमचा? तीन दिवस करतेय." आणि उत्तराची वाट न बघता त्या आत शिरल्या. बाळाच्या कपाळावर हात ठेवला. हनुवटी खाली करून जीभ बघितली. बेंबी बघितली. तळपायाला टिचकी मारली, तेव्हा तो जाडसर आवाजात एकदाच कण्हला आणि पुन्हा झोपला.

"असाच असतो?"

"शहाणा आहे," आत्या म्हणाली, पण निम्म्यातच तिचा आवाज खाली गेला.

"हा शहाणपणा नाही. ह्याच्या अंगात जोर नाही रडायला. आत्ता निघायचं. आत्ता."

बाबा दारात उभे होते. हातापायांवर पांढरे थर सुकलेले. "बाई, आम्ही मीठ बदललं. पाकिटातलं देतोय त्याच्या आईला."

नर्सबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी चुलीजवळ होते. पाकीट माझ्या समोर फळीवर होतं, वरचा कोपरा मी स्वतः नीट दुमडून पिन लावलेली.

"कुणी नाही," बाबा म्हणाले. "मीच."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. आईनं नाही बघितलं. ती बाळाला फडक्यात गुंडाळत होती. पहिल्यांदाच त्या घरात कुणी प्रश्न विचारला होता आणि माझा हात वर गेला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बाळाच्या हातातून रक्त घेतलं. मशिनीनं गळ्याचा फोटो काढला. मग एका चिठ्ठीच्या पाठीवर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. इथं फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते, ह्याची ती नीट बनलेलीच नाही, पोटात असतानाच. आईनं काय खाल्लं, काय नाही, त्याचा काही संबंध नाही. तुमच्या मिठाचाही नाही. जे औषध त्याच्या अंगात आपोआप तयार व्हायचं, ते गोळीतून द्यायचं, रोज एक, न चुकता. "लवकर सुरू केलं तर पोर इतर पोरांसारखं शिकतं, खेळतं. उशीर झाला की मेंदूची वाढ मागे राहते, आणि ती मग कशानंही भरून येत नाही. म्हणून तर टाचेतलं रक्त घेतो. म्हणून तर फोन करतो."

आईनं बाळाला घट्ट धरलं.

"आणि तुम्ही नऊ दिवस ह्याच्या आईला मीठ खाऊ घालत बसलात?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला. बाहेरच्या बाकड्यावरची माणसं दारातून डोकावली. कुणीतरी हसलं. "फोनवर सांगितलं होतं ना उद्या या म्हणून? तुमच्या मनानं डॉक्टरकी करायची कशाला?"

बाबा उभे होते. खुर्ची होती, पण कपड्यांचं मीठ खुर्चीला लागेल म्हणून ते बसले नव्हते. त्यांच्या पायाची बोटं फरशीवर आत वळत होती, भेगा लपवल्यासारखी. "चुकलं," ते म्हणाले.

मग डॉक्टरबाईंचं लक्ष माझ्या शाळेच्या गणवेशाकडे गेलं. दुसरा बरा कपडा नव्हता म्हणून मी तोच घालून आले होते. त्या जरा मऊ झाल्या. "तू शिकतेस ना बाळा? मग तू तरी सांगायचंस घरच्यांना."

आणि मी मान हलवली. "हो," म्हणाले.

मला आजही त्या 'हो'चा आवाज ऐकू येतो. बारीक, शहाण्या मुलीचा आवाज होता तो.

गोळी द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण चिठ्ठी मला वाचता यायची. अर्धी करायची नाही, पूर्ण. चमच्यात ठेवून दुसऱ्या चमच्यानं पूड करायची, त्यात आईच्या दुधाचे थेंब घालायचे, बोटानं कालवायचं आणि गालाच्या आतल्या बाजूनं सोडायचं. चमच्याला चिकटलेलं पुन्हा दूध घालून द्यायचं. रोज सकाळी, एकाच वेळी. पहिल्या दिवशी चमचा कलंडला आणि अर्धी पूड जमिनीवर पडली. पूर्वी मी मनानंच ठरवलं असतं की काय करायचं. आता तशीच धावत दुकानात गेले, दुकानदाराच्या फोनवरून नर्सबाईंना विचारलं.

"मिठाचं काय झालं गं?" फोन परत देताना दुकानदारानं विचारलं. "बाळाला फरक पडला का?"

"मिठाचा संबंध नव्हता," मी म्हणाले.

"पण तू तर सांगत होतीस..."

"मला माहीत नव्हतं."

तिथं तेच आजोबा होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दाम. ते जास्त लागलं.

बारा-तेरा दिवसांत बाळ बदलला. आधी लंगोट रोज खराब व्हायला लागले, मग हात गरम लागले. एका सकाळी मी गोळी द्यायला उशीर केला, आणि त्यानं तोंड उघडून जो भोंगा लावला, की आत्या वाफ्यातून पाटी टाकून धावत आली. "काय झालं? कोण मेलं?" मग दारातच बसून पदरानं तोंड पुसत राहिली. "रडतोय गं, मेला," म्हणाली. आई आत हसत होती आणि तिच्या झंपरवर दुधाचे दोन गोल उमटले होते.

ढग निघून गेले होते. न पडताच. सगळं मीठ वाचलं. बारा वाफ्यांचे पांढरेशुभ्र ढीग बांधावर उभे होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या तपासणीला आम्ही चौघं गेलो. डॉक्टरबाईंच्या खोलीत आधीच एक जोडपं बसलं होतं. मांडीवर आठवड्याचं बाळ. बाप सुतार असावा, त्याच्या कानामागे पेन्सिल तशीच राहिली होती. त्यांच्याही बाळाचा आकडा जास्त आला होता, आणि तो म्हणत होता, "पण बाई, दिसायला तर छान आहे. आमचे मामा म्हणतात, महिनाभर थांबून बघू."

"हे बघा," डॉक्टरबाई बाबांकडे हात करून म्हणाल्या, "ह्यांनीही थांबून बघितलं. स्वतःच्याच डोक्यानं मीठ काय बदललं, नऊ दिवस काय घालवले. विचारा त्यांना."

सुतारानं बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गाढवाकडे बघावं तसं. आणि बाबांनी मान डोलावली, हसल्यासारखं केलं. ते हसू मी बघितलं. मालक ढिगात काळं मीठ दाखवतो तेव्हा बाबा तसंच हसतात.

"त्यांनी नाही," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. वक्तृत्वात मी तीनशे माणसांसमोर बोलले होते, इथं पाचच होती. "फोन मी घेतला होता. उद्याच या, हे मला सांगितलं होतं. मिठाचं मीच सांगितलं. चार दिवसांनी गेलं तर चालेल, हेही मीच म्हणाले. त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी खोटं हो म्हणाले."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "कितवीत आहेस?"

"नववीत."

"हं." मग बाबांना म्हणाल्या, "बसा तुम्ही. खुर्ची त्यासाठीच आहे." बाबा बसले, अगदी कडेला.

सुताराच्या बायकोनं मला विचारलं, एवढुशा आवाजात, "मग आता तुमचं बाळ बरं होईल?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. होईल, नक्की होईल. मी डॉक्टरबाईंकडे बघितलं.

"आकडा खाली आलाय," त्या म्हणाल्या. "गोळी चुकली नाही तर बहुतेक चांगलंच होईल. मान कधी धरतो, कधी बसतो, कधी बोलतो, सगळं बघत राहू. त्या नऊ दिवसांचं मात्र मी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगू शकणार."

सुतारानं कानामागची पेन्सिल काढून हातात धरली. "आजच सुरू करा, बाई," म्हणाला.

परतीच्या गाडीत आम्हाला तिघांची सीट मिळाली. आई खिडकीशी बाळाला घेऊन, मधे मी, कडेला बाबा. गाडी शहराबाहेर पडली. मग मीच म्हणाले, "बाबा, तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी सगळं अंगावर घेतलंत."

"तुझ्यासाठी नाही," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोरच्या दांडीला धरून बसले होते, नखांत मीठ.

"नऊ यत्ता शिकलेल्या पोरीच्या एका शब्दावर मी दवाखाना टाळला, हे त्या बाईंसमोर कसं सांगणार होतो? लाज वाटली म्हणून मीच म्हणालो." त्यांनी नखातलं मीठ कोरलं. "आणि तेही पूर्ण खरं नाही. ढग आले होते. तू चालेल म्हणालीस आणि मला सुटल्यासारखं झालं. तू नाही चालणार म्हणाली असतीस ना, तर मी तुझ्याशी भांडलो असतो. मला तेच ऐकायचं होतं."

"पण मी सांगितलं..."

"तू सांगितलंस. ठरवलं मी. तुझं तुझ्याजवळ राहू दे, माझं मला दे."

गाडी खड्ड्यातून उसळली. बाळ जागा झाला आणि कुरकुरला. आईनं त्याला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, तो गप्प झाला. मला वाटलं ती झोपलीये, पण ती सगळं ऐकत होती.

"दोघांचं वाटून झालं का?" ती म्हणाली.

मी बाबांकडे बघितलं, बाबांनी दांडीकडे.

"मी म्हणाले होते, जाऊ या. तो ओढत नाही, म्हणाले होते. छाती माझी दुखत होती. पोर माझ्या अंगावर गार पडत होतं." ती आवाज न चढवता बोलत होती, बाळाची झोप मोडू नये म्हणून. "एकीला पुस्तक माहीत होतं, एकाला ढग माहीत होते. मला कुणी विचारलं?"

बाबांनी तोंड फिरवलं, बाहेर बघायला. मीही फिरवलं. पण आमच्या सीटला खिडकी एकच होती, आणि ती आईच्या बाजूला होती.